मंगळवारी अकराला राक्षस मेला

गेमिंगमधलं माझ्याएवढं कळणारा माणूस अख्ख्या डिचोलीत नाही, हे मी आमच्या ऑफिसात चार जणांना पटवून दिलं होतं. पाचवा सगुण. त्याला काही पटत नसे. तो डिस्कवाला. खेळ हातात धरता आला पाहिजे, खेळून झाला की दुसऱ्याला देता आला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मी म्हणायचो, डिस्क म्हणजे धूळ आणि ओरखडे. म्हणून नवा कन्सोल घेतला तोही बिनडिस्कचाच. आणि यंत्र तरी काय! खेळात धनुष्य ओढलं की कंट्रोलरचं बटण बोटाखाली घट्ट होतं. वाळूवरून चाललं की तळव्यात वाळू खरखरते. खेळ सुरू व्हायला तर चहाचा घोट गिळण्याइतकाही वेळ लागत नाही.

जुना कन्सोल मी आमोण्याला सासुरवाडीत नेऊन ठेवला. रविवारी जेवणं झाल्यावर जावयाने करायचं काय? खातं माझंच, विकत घेतलेले खेळ दोन्हीकडे चालतात, आणि एकीकडे जिथे सोडला तिथूनच खेळ दुसरीकडे पुढे सुरू होतो. डिजिटलचा हाच तर फायदा, असं सगुणला ऐकवलंही.

त्यातल्या एका खेळात डोंगरावर एक राक्षस आहे. दोन महिने मी त्याच्या हातून मरत होतो. एका बुधवारी संध्याकाळी खेळ उघडला, तर राक्षस मेलेला. मला वाटलं, यंत्रात काहीतरी बिघाड असेल. पण दुसऱ्या दिवशी सगुण स्वतः माझ्या टेबलाशी आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, की हा राक्षस त्यालाही कधी जमला नव्हता. सगुणच्या तोंडून माझं कौतुक! मी नको तेवढा नम्र झालो. राक्षस कसा मारला, हेही दहा मिनिटं समजावून सांगितलं.

तेवढ्यात मागून आमचे साहेब, गोकुळदास, आले. राक्षस मारला की खात्यावर तारीख-वेळेसकट ट्रॉफी नोंदली जाते; सगुणने मोठ्या हौसेने त्यांना फोनवर माझी ती ट्रॉफी दाखवली. साहेबांनी चष्मा वर केला आणि वाचलं, "मंगळवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं." मग शांतपणे विचारलं, की मंगळवारी सकाळी मी मोपाला गिऱ्हाइकाला भेटायला गेलो होतो ना, आणि गिऱ्हाईक भेटलं नाही असं येऊन सांगितलं होतं ना.

मी खरोखरच मोपाला होतो. मी खरं काय ते सांगितलं, की राक्षस मी मारलेलाच नाही, माझं खातं कोणीतरी चोरलंय. पण माझं दहा मिनिटांचं व्याख्यान ऐकलेल्यांपैकी एकालाही ते पटलं नाही. साहेबांनी सोमवारपर्यंत लेखी खुलासा मागितला. नोकरीत बारा वर्षं झाली, खुलासा कधी द्यावा लागला नव्हता. जेवणाचा डबा तसाच परत नेला.

घरी जाऊन आधी पासवर्ड बदलला. अर्ध्या तासात पूनमचा, म्हणजे बायकोचा, फोन वाजला. तिने फोनवर हात ठेवून मला विचारलं, "आई विचारतेय, नवा पासवर्ड काय? ती नदीपर्यंत पोचली होती म्हणे."

रविवारी मी साहेबांना आणि सगुणला गाडीत घालून आमोण्याला नेलं. हा खुलासा लिहून पटणारा नव्हता. माझ्या सासूबाई चंद्रावती, वय चौसष्ट, दोन वर्षं माझ्या पाठीमागे तांदूळ निवडत बसायच्या. मला वाटायचं, तांदूळ निवडतायत. त्या मला हरताना बघत होत्या.

साहेबांच्या विनंतीवरून त्यांनी राक्षस पुन्हा मारून दाखवायचं कबूल केलं. राक्षस समोर आला तरी त्या बटणाला बोट लावेनात.

"मारा की," साहेब म्हणाले.

"रावा मरे," सासूबाईंनी त्यांना थांबवलं. "पाय उचलायच्या आधी तो मान हलवतो. आमचो काळो रेडो असोच करायचो."

राक्षसाने मान हलवली. त्या बाजूला सरकल्या आणि एकच घाव घातला. सगुण खुर्चीवरून उठून उभा राहिला. मला खरं तर लाज वाटायला हवी होती, पण अंगावर काटा आला. असा खेळ मी उभ्या जन्मात बघितला नव्हता.

सगुणने येताना एक डिस्क आणली होती. जुन्या कन्सोलला डिस्क चालते. सासूबाईंनी ती जनेलाशी, खिडकीच्या उजेडात धरून बघितली आणि खेळून झाल्यावर शेजारच्या मालतीला दिली तर चालेल का, असं विचारलं. खुशाल द्या, सगुण म्हणाला. मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि योगेशा, तुझे खेळ कोणाला देता येतात रे?"

मी पाणी पिऊन येतो म्हणून आत गेलो.

खुलासा परत कोणी मागितला नाही. सोमवारी साहेबांनी एवढंच विचारलं, की पुढच्या रविवारी आमोण्याला जाणार आहोत का. सासूबाईंना मी त्यांचं स्वतःचं खातं उघडून दिलं. सगुणला त्यांनी त्याच दिवशी खेळातल्या आपल्या संघात घेतलं, साहेबांना दुसऱ्या दिवशी. माझी विनंती तीन आठवडे तशीच पडून आहे. शेवटी पूनमने आईला फोन करून विचारलं.

"योगेश माणूस बरो गो," त्या म्हणाल्या. "पण तेका घेतलो तर आमी सगळी मरतलो."