टेलरबाईंचा स्वशोध

टेलरबाईंची कात्री स्वशोध केंद्राच्या कपाटात गेली ती सकाळी साडेनऊला, आणि तिच्या मागोमाग बाईंचा जीवही. बावीस वर्षं जुनी कात्री. त्या कात्रीने घरात कधी कुणी कागद कापला नव्हता. नवऱ्याने एकदाच दुधाची पिशवी कापली, तेव्हा बाई चार दिवस त्याच्याशी बोलल्या नव्हत्या.

पण इथला नियमच तसा होता. ज्या वस्तूवाचून आपण आपल्याला ओळखत नाही, ती कपाटात ठेवायची आणि दुपारी एकपर्यंत ‘मी कोण’ याचा शोध घ्यायचा. नणंदेने फारच गळ घातली होती. "वहिनी, सदानकदा ते मशीन! एक दिवस स्वतःसाठी काढा की."

नणंदेने मोबाईल ठेवला. निवृत्त होऊन अकरा वर्षं झालेल्या हेडमास्तरांनी चष्मा ठेवला. किल्ल्या बनवणाऱ्या काकांनी अवजारांची पिशवी ठेवली. बाकीच्यांचे मोबाईलही नियमाप्रमाणे आत गेले. शेवटी मार्गदर्शक उठले. "मी या केंद्राचा प्रमुख, हाही भ्रमच," असं म्हणत त्यांनी केंद्राच्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा आत ठेवला आणि दार लोटलं. खट्कन आवाज झाला. सगळ्यांना भरून आलं.

"तुम्ही कोण?" मार्गदर्शकांनी बाईंना विचारलं.

"मी कपडे शिवते."

"ते काम झालं. तुम्ही कोण?"

"यांची वहिनी."

"ते नातं झालं. अजून आत जा."

"आत अस्तर असतं," बाई म्हणाल्या. "हे बघा सर, चार वाजता शेजारची पोरगी कोट न्यायला येणार आहे. उद्या तिची मुलाखत, पहिलीवहिली. बाह्या कापायच्यात अजून. ती पोरगी जिच्या भरवशावर निवांत बसलीय ना, ती मी."

"हा अहंकार बोलतोय."

"बोलत असेल. शिवतोही तोच."

नणंदेने त्यांना कोपराने ढोसलं.

एक वाजला. मार्गदर्शक कपाटाकडे गेले, त्यांनी मूठ फिरवून पाहिली आणि सदऱ्याचे दोन्ही खिसे चाचपले. दार लोटलं की आपोआप कुलूप लागणारं ते कपाट होतं, आणि किल्ली जुडग्यात होती.

"अहो, काका आहेत ना!" नणंद म्हणाली. "काका, उघडा बरं."

"मी किल्लीवाला नाही," काका डोळे मिटून म्हणाले. "सकाळीच गळून पडला तो."

"काका, नाटकं पुरेत!"

"बरं, आहे. पण अवजारं आत आहेत. नखांनी उघडू?"

दुसऱ्या किल्लीवाल्याला फोन करावा, तर सगळ्यांचे मोबाईल आत. केंद्राच्या कचेरीत फोन होता, पण कचेरीला कुलूप आणि तिची किल्लीही त्याच जुडग्यात. हेडमास्तर चाचपडत उठले आणि म्हणाले, "मला तर आता तुम्ही सगळे एकसारखेच दिसताय."

"ही अवस्था फार थोड्यांना लाभते," मार्गदर्शक सवयीने म्हणाले.

दोन वाजले. "हीच खरी परीक्षा आहे," मार्गदर्शकांनी सांगितलं. "वाट बघणारा कोण, ते पाहा."

बाई उठल्या. त्यांनी कपाटामागच्या फटीत हात घातला आणि मागच्या बाजूवरून, उलटं कापड तपासावं तसा, तळहात फिरवला. पातळ प्लायवूड, बारीक खिळे. "कुणीतरी जोडलंय म्हणजे उसवताही येईल. काका, जरा हात लावा. ओढा भिंतीपासून."

खिडकीचा लोखंडी अडसर काढून बाईंनी फळीच्या फटीत घातला, तशी मार्गदर्शकांनी मध्ये झेप घेतली. "थांबा! हा राग कुणाला आलाय, ते आधी बघा!"

"मला आलाय! आणि मी तो सोडणार नाही. फार वर्षांनी आलाय."

"वहिनी, लोक काय म्हणतील!"

"लोकांना चष्मा मिळाला की विचारू."

फळी कडाडली. तिला धरायला गेलेल्या मार्गदर्शकांचा सदरा खिळ्यात अडकला आणि उजवी बाही खांद्यापासून टरकन फाटली. पण कपाट मागून उघडं पडलं. मग कुणी स्वतःला शोधत बसलं नाही. जो तो आपापली वस्तू शोधायला तुटून पडला. बाईंनी कात्री उघडून पाती नखावर तपासली, पदराने पुसली आणि चपला घातल्या. तीन वाजायला दहा कमी होते.

"बाई," मागून हलका आवाज आला. मार्गदर्शक लोंबती बाही धरून उभे होते. "सहाला दुसरा वर्ग आहे. तोवर शिवून मिळेल का?"

"चारनंतर घेऊन या. आधी कोट." बाईंनी पर्समधून गिऱ्हाइकांची वही काढली. "नाव काय लिहू?"

मार्गदर्शकांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता, हेडमास्तर तर चष्म्यातून.

"केंद्रप्रमुख," ते पुटपुटले. मग आणखी हळू आवाजात, "त्याआधी ‘परमपूज्य’ असतं."

बाईंनी लिहिलं, ‘पांढरा सदरा, उजवी बाही,’ आणि त्या झपाझप घराकडे निघाल्या.