कूलरमधला फलाट

रोज सकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या मागच्या भिंतीपलीकडून घोषणा होते. "लक्ष द्या! लिंबावरची कोकिळा, आठ मिन्टं उशिरानं, आलेली हाय!" आवाज खणखणीत, शेवटचा शब्द लांबवलेला आणि मागून थोडी खरखर. खरखर म्हणजे अप्पांचा खोकला. माइक काही नाही, पण बोलताना अप्पा तोंडापुढे मूठ धरतातच.

मन्मथअप्पा लातुरात बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. बायको त्याआधीच वारली, एकुलती एक मुलगी महादेवी पुण्यात दिलेली. घरात ते एकटे, आणि परसात एक कडुलिंब, एक शेवगा नि एक गळका नळ. या परसात जे येतं आणि जे जातं, त्या सगळ्याची खबर भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर खडूनं लिहिलेली असते. शेवग्याचं पहिलं फूल: वेळेवर. मुंगळे: वेळेआधी. लिंबाची पानगळ: चालू.

मी त्यांचा शेजारी. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या पोरांची आमच्या गावात बारमाही जत्रा भरते, तिच्यात जीवशास्त्राच्या क्लासचं माझंही एक दुकान आहे म्हणा. बेडकाचं मूत्रपिंड मी झोपेत काढून दाखवीन. तरी अप्पा मला रोज नापास करतात.

"सर, नळाला आठ-आठ रोज पाणी न्हाई, जमीन ठणठणीत कोरडी. आन ह्या लिंबानं ऐन उन्हात एवढी कवळी पानं काढली कुठून?"

"मुळं खोल असतात, अप्पा."

"ते मला बी ठाऊक हाय. पर ह्याला सांगितलं कोणी, की बाबा, आता काढ म्हणून?"

एकदा विचारलं, खार ओरडताना शेपूट झटकते ती का, आणि शेपूट धरलं तर तिचा आवाज बंद होईल का. असल्या प्रश्नांना खाली चार पर्याय नसतात. एकदाच मी धीर करून त्यांना सुधारायला गेलो. म्हटलं, अप्पा, गातो तो नर, कोकिळा नव्हे. अप्पा म्हणाले, "डायवर कोणी का असंना सर, गाडी आली ना?"

मात्र फळ्यावरची नोंद खरी पाहिजे म्हणजे पाहिजे. यंदा माघातच कोकिळा लागली. रोज पहाटे पाच-दहाला, एक मिनिट इकडं नाही की तिकडं नाही. चौथ्या दिवशी अप्पांना संशय आला. "इतकी टायमावर तर कोणतीच गाडी येत न्हाई!" शोध घेतला, तर समोरच्या होस्टेलातल्या एका मुलीच्या मोबाइलचा तो गजर निघाला. अप्पांनी चारही नोंदी ओल्या फडक्यानं पुसल्या, आणि जाऊन त्या पोरीला हात जोडून म्हणाले, "बाई, आधी खरी येऊ दे, मग वाजीव." पोरीनं गजर बदलला. आता पाच-दहाला कोंबडा आरवतो.

खोटी घोषणा करायची नाही, हा त्यांचा नोकरीपासूनचा नेम. आणखी एक नेम होता. गाडी रद्द झाली तर माइकवर 'रद्द' हा शब्द ते स्वतः कधी उच्चारायचे नाहीत, हाताखालच्याला बोलायला लावायचे. "माणूस गठुडं घिऊन तोंडाकडं बघत बसलेलं असतंय, सर. त्याला कसं सांगावं?"

तर या फाल्गुनात अप्पांनी कूलर झाडायला घेतला, आणि आतल्या गवतात चिमणीचं घरटं निघालं. चार अंडी. कूलर जिथल्या तिथं राहिला. त्याच्यावर खडूनं लिहिलं: 'फलाट राखीव'. ऊन एकेचाळीसच्या पुढं गेलं, अप्पा ओला पंचा डोक्यावर घेऊन ओसरीत बसायचे आणि चिमणा किती खेपा करतो ते बघायचे.

पुण्याला फोन गेला. दुसरीतली नात, गौरी, हरखून गेली. अप्पांचा फोन बटणांचा, त्यावरून दाखवणार काय? तिनं ताकीद दिली: "आजोबा, मी पाडव्याला येते. तोपर्यंत त्यांना उडू देऊ नका." अप्पांनी मला हे तीन वेळा सांगितलं. फळ्यावर तळाला नवी ओळ आली: 'पुणे–लातूर, गौरी, पाडवा'.

पाडवा आला. गौरीची परीक्षा निघाली. अप्पांनी 'पाडवा' पुसून 'परीक्षेनंतर' लिहिलं. मग परीक्षा संपली आणि पोहण्याचं शिबिर निघालं. त्या आठवड्यात अंड्यांतून निघालेली तिन्ही पिलं, चौथं अंडं काही फुटलंच नाही, कूलरच्या कडेवर बसली, धडपडली आणि शेवग्यावरून पलीकडे उडून गेली. त्या सकाळी घोषणा झाली नाही.

चार दिवसांनी मी भिंतीशी कपडे वाळत घालत होतो. पलीकडे अप्पा फोनवर बोलत होते.

"हायत की! तिघं बी हायत. आता झोपल्यात, म्हणून आवाज येईना... व्हय, व्हय, तू ये निवांत."

फोन ठेवला आणि त्यांची नजर माझ्यावर गेली. गजराच्या चार कोकिळा पुसणारा हा माणूस माझ्यासमोर चोरी सापडल्यासारखा उभा होता. कूलर तसाच बंद, पंचा वाळून कडक झालेला. मला फार वाईट वाटलं. नजर चुकवण्यासाठी मी उगाच एक शर्ट दुसऱ्यांदा पिळला.

मग ते भिंतीजवळ आले. आवाज घोषणेचा नव्हता, अगदी हळू होता.

"सर, एक विचारू? चिमणी त्याच घरट्यात दुसऱ्यांदा अंडी घालती का हो?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं.

"घालते, अप्पा. एका मोसमात दोन-दोन, तीन-तीनदा घालते."

"खरं सांगता?"

"पुस्तकात आहे."

अप्पा फळ्याकडे गेले. तळच्या ओळीतलं 'परीक्षेनंतर' पुसलं, वेळेची जागा मोकळी ठेवली, आणि खाली सावकाश लिहिलं: 'चिमणी, दुसरी खेप, वाट पाहणे'. मी घरात जाऊन आमचा टेबलफॅन आणला आणि भिंतीवरून त्यांच्या हातात दिला.