विठ्ठलरावांचा इमानदार फ्यूज

विठ्ठलराव फ्यूज उन्हाला धरून बघत. चहा आलेला असो, पाहुणा आलेला असो, की गाडी यायची वेळ झालेली असो. कोटाच्या खिशातून काचेची ती पेराएवढी नळी निघायची, एक डोळा मिटायचा आणि आतली केसासारखी तार उजेडात निरखली जायची. "इमानदार दिसतो," असं म्हणून ती परत खिशात. मुलीसाठी स्थळ बघतानाही लोक इतकी पारख करत नाहीत.

पूर्णा जंक्शनवर ते तारबाबू, मी तिकिटाच्या खिडकीतला कारकून. रेल्वे क्वार्टरात आमची भिंत एकच. दिवसभर स्टेशनात कडकट्ट करून या माणसाचं पोट भरत नसे. दिल्लीहून रीतसर परवाना काढून त्यांनी घरातच बिनतारी यंत्रं मांडली होती, एक संदेश पाठवायचं आणि एक ऐकायचं. दोघांना वीज पुरवणारे खोकेही दोन आणि प्रत्येक खोक्याला स्वतःचा फ्यूज. जास्त वीज घुसली की फ्यूजनं आधी स्वतः जळायचं, म्हणजे मागचं यंत्र वाचतं, एवढं शास्त्र त्यांच्या शेजारामुळे मलाही आलं.

फ्यूज ते सिकंदराबादेहून गार्डाच्या हाती मागवत. तीन आले की त्यातला एक मुद्दाम जास्त वीज सोडून जाळायचा. तो वेळेवर जळला, तर उरलेल्या दोघांवर भरवसा. एकदा एक जळेचना, तेव्हा दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. "कमजोर असला तर चालंल, बेईमान नको," म्हणाले. "जो वक्तावर जळत न्हाई, तो घर जाळतो."

माणसंही ते फ्यूजसारखीच मोजत, किती सोसून जळतात ते, अँपिअरांत. आमचे स्टेशनमास्तर पाव अँपिअरचे. गाडी पाच मिनिटं लेट झाली की गेले. लक्ष्मीवहिनी, म्हणजे त्यांची बायको, पंधरा अँपिअरच्या. वीस वर्षं हा माणूस सोसलेल्या बाईला त्याहून कमी देता आलं नसतं. मला मात्र त्यांनी आकडाच दिला नव्हता. विचारलं की, "तपास चालू हाय," एवढंच.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या आधी स्टेशनात त्यांच्या शेजारच्या टेबलावर हबीबमियाँ बसत. चौदा वर्षं दोघं एका डब्यात जेवले. मग हबीबमियाँ बायकापोरांना घेऊन कराचीला गेले. जाताना सांगून गेले, की कुठूनतरी बिनतारी सेट मिळवीन आणि जुमेरातला पाच वाजता हाक मारीन. तेव्हापासून दर गुरुवारी पाचला विठ्ठलराव कानाला हेडफोन लावून बसत. तारवाल्यांत म्हणे प्रत्येकाचा हात वेगळा असतो. नाव न सांगता नुसत्या ठोक्यांवरून माणूस कळतो. "हबीबचा हात मी हजारात वळखीन," ते म्हणत. पाच वर्षं एकही ठोका आला नाही. क्वार्टरांतले लोक हसायचे. मी जरा जास्तच हसायचो, कारण भिंत माझी होती.

आणि एका दिवशी कराचीहून कार्ड आलं. उर्दूतलं ते कार्ड विठ्ठलरावांनी मला तीनदा वाचून दाखवलं. सेट दुसऱ्याचा होता, एकाच दिवसासाठी मिळणार होता. येत्या महिन्याचा पहिला गुरुवार, पाच वाजता.

त्या गुरुवारी मी रजा काढून त्यांच्याकडे जाऊन बसलो. तीन वाजता पाठवायच्या यंत्राचा फ्यूज गेला. दुसरा घातला, तोही गेला. विठ्ठलराव पांढरे पडले. "एकदा गेला तं नशीब. दोनदा गेला म्हंजे आत खोट हाय." आता सगळ्या घरात एकच फ्यूज उरला होता, ऐकायच्या यंत्रात बसवलेला. तो काढून इकडे घाला की, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली.

"बोलणं बंद पडलं तर पडू द्या. ऐकणं बंद पडलं न्हाई पाहिजे."

त्यांनी खोकं उघडलं आणि आतला एक जुना कंडेन्सर बदलला. जळक्या नळीवरून बारीक तार ओढून काम भागवायचं ठरलं. तेवढ्यात साडेचारला स्टेशनातला माणूस धावत आला. तारेची लाइन अडली होती, बदलीवरच्या बाबूला काही सुचत नव्हतं. नोकरी ती नोकरी. "दहा मिन्टांत आलो. कशाला हात लावू नका," असं सांगून ते गेले.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. मी खिडकीतून रुळांकडे बघत होतो, मग घड्याळाकडे. पाचला चार कमी असताना माझ्यानं राहवेना. सिगरेटच्या पाकिटातला चांदीचा कागद काढला, जळक्या फ्यूजला गुंडाळला, नळी जागेवर बसवली आणि वर टोपण फिरवलं.

विठ्ठलराव धापा टाकत आत आले. टोपणाकडे हात नेला. "बसवला मी," मी म्हणालो. "तुमच्या फ्यूजच्या डब्यात तळाशी एक चांगला सापडला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात मागे घेतला. फ्यूज न तपासता यंत्र चालू केल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं.

पाच वाजले. हेडफोनमधून मलाही ऐकू येईल असं बारीक टिकटिकू लागलं. विठ्ठलरावांचा चेहरा लहान पोरासारखा झाला. "हबीब हाय," ते म्हणाले. "तोच हात." टिकटिक थांबली. त्यांनी ठोके द्यायच्या खटक्यावर बोट ठेवलं आणि उत्तर सुरू केलं. दोन अक्षरं गेली असतील-नसतील, तोच खोक्यातून घुमल्यासारखा आवाज आला, डांबर जळाल्याचा वास आला आणि धूर. मी धावत जाऊन स्विच बंद केला, पण ट्रान्सफॉर्मर गेला होता.

ऐकायच्या यंत्राचा दिवा तसाच जळत होता. पलीकडून हबीबमियाँ पुन्हा ठोकू लागले, थांबले, पुन्हा ठोकू लागले. विठ्ठलराव मेलेल्या यंत्राचा खटका दाबत राहिले. मी विचारलं, काय म्हणतायत. "विचारायलाय, विठू हायस का," ते म्हणाले.

बारा मिनिटांनी ते थांबलं. आयुष्यात मला स्वतःची एवढी शरम कधी वाटली नव्हती. विठ्ठलरावांनी टोपण फिरवून नळी काढली, सवयीनं खिडकीच्या उन्हाला धरली. न जळलेली चांदी चमकली. या वेळी त्यांनी एक डोळा मिटला नाही, नळी कोटाच्या खिशात टाकली.

वासानं लक्ष्मीवहिनी चहा तसाच हातात घेऊन आल्या. काय जळालं, म्हणाल्या.

"ट्रान्सफॉर्मरच जुना होता," विठ्ठलराव म्हणाले. "ह्यांनी लय धावपळ केली बिचाऱ्यांनी. आधी त्यांना चहा दे."

उठता-बसता बेईमानीला शिव्या घालणारा माणूस माझ्यासाठी बायकोशी खोटं बोलला. मी खाली मान घालून चहा घेतला. त्यांचा चहा निवत होता, आणि बशीच्या काठावर बोट टकटकत होतं. हबीबमियाँना द्यायचं उत्तर अजून संपलं नव्हतं.