दूधपित्या पिल्लांना कडा बंद

एका जंगलात एक गुळगुळीत कडा होता. हसू नका, पुढे ऐका. त्या कड्यासमोर तोंड दाखवलं की ते जंगलभर दिसायचं. काही बोललं की जंगलभर ऐकू जायचं. आवडलं तर जो तो आपापल्या जागी शेपूट हलवायचा. किती शेपट्या हलल्या ते कोल्हा ओरडून सांगायचा, कारण कडा त्याच्या ताब्यात होता. सगळ्यांना फुकट वापरू द्यायचा. कोल्हा फुकट काही का देतो, हे विचारायला कोणाला सवड नव्हती.

पुढे पिल्लंही तिथे जायला लागली. सशाचं एक पोर कड्यासमोर इतकं रमलं की चरायचंच विसरलं. मग थोरली मंडळी जमली. म्हाताऱ्या सांबराने फर्मान काढलं, "दूधपित्या पिल्लांनी कड्यासमोर उभं राहायचं नाही."

कोल्हा लगेच कबूल झाला. तिथेच खरं तर कान टवकारायला हवे होते, पण ते असो.

"पण पिल्लू कोणतं, हे मी ओळखू कसं?" तो म्हणाला. "प्रत्येक आईने पिल्लाच्या अंथरुणातलं मूठभर गवत आणून द्यावं. त्या वासाचं कोणी आलं की हाकलून देईन."

"वास दुसऱ्या कोणाला देणार नाहीस ना?" सांबराने विचारलं.

"छे हो, काका. फक्त आमच्या विश्वासातल्यांना."

विश्वासातला म्हणजे बिबट्या. पण सभा लांबली होती, सगळ्यांना भूक लागली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. तुमचे आईबाबा मोबाईलवर न वाचता 'मान्य आहे' दाबतात ना, तसंच.

आता शेवंताची गोष्ट. शेवंता म्हणजे एक चितळीण. तिला नुकतंच पाडस झालं होतं, बारकू. चितळांची रीत अशी, की आई पाडसाला चाटून चाटून त्याचा वास घालवते, उंच गवतात लपवते आणि स्वतः लांब चरते. ते कुठे आहे हे एका आईलाच ठाऊक. संध्याकाळी ती येऊन हलकेच साद घालते. तेवढ्या सादेवर ते उठतं.

शेवंताने गवत नेलं. कोल्ह्याने हुंगलं आणि नाक मुरडलं.

"ताई, याला वासच नाही. अशाने त्याचं रक्षण करायचं कसं? चार दिवस चाटू नका, मग आणा."

शेवंताने चाटणं बंद केलं.

"आई, चाटत का नाहीस?" बारकूने विचारलं.

"तुझ्याच सुरक्षेसाठी, बाळा."

शिवाय ती रोज कड्यावर जायचीच. आज बारकू पहिल्यांदा उभा राहिला. आज बारकू शिंकला. बारकूची जागा बघा, जांभळीखाली, किती छान गवत आहे. शेपट्यांवर शेपट्या हलायच्या.

"मला विचारलंस का?" बारकू एकदा म्हणाला.

"तू लहान आहेस. कड्यातलं तुला काय कळणार?"

चार दिवसांनी गवताला चांगला वास आला. कोल्हा खूश झाला आणि त्याच दुपारी बिबट्या जांभळीकडे निघाला. बारकूला पाचोळा वाजलेला ऐकू आला. तो पळाला आणि नाल्यापलीकडच्या गवतात जाऊन निजला. हे मात्र शेवंतालाही ठाऊक नव्हतं.

ती आली तर गवत मोकळं. ती धावत कुठे गेली असेल? कड्यावर.

"माझं लेकरू हरवलंय," ती रडत म्हणाली. "डाव्या कानाला चीर आहे. मी अशी साद घातली की येतं." आणि तिने साद घालून दाखवली.

तिच्यासाठी इतक्या शेपट्या कधीच हलल्या नव्हत्या. बिबट्याचीही हलली. साद त्याने तिथल्या तिथे पाठ करून टाकली.

थोड्याच वेळाने नाल्यापलीकडे साद आली. बारकू आनंदाने उठला. आणि गवताच्या फटीतून त्याला पिवळे पंजे दिसले. तो होता तिथेच खाली बसला. बिबट्या शोधून शोधून कंटाळला आणि गेला.

मग शेवंता आली. खरी शेवंता. अगदी दोन उड्यांवर उभी राहून तिने साद घातली. आवाज आईचा होता. पण मघाचाही आईचाच होता. बारकूने नाक मातीत खुपसलं आणि श्वास धरून ठेवला. तिने घसा बसेपर्यंत हाका मारल्या आणि मग ती पुढे निघून गेली.

वाईट वाटतंय ना? मलाही सांगताना वाटतं. पण जंगलात त्या दिवशी समारंभ होता. फर्मान निघाल्यापासून एकही दूधपितं पिल्लू कड्यासमोर उभं राहिलेलं नव्हतं. सांबराला हार घातला. कोल्ह्याने दोन शब्द बोलताना डोळे पुसले. शेवंताला व्यासपीठावर बसवलं होतं, जागरूक माता म्हणून.

तात्पर्य : मुलांना कड्यापासून लांबच ठेवावं. ती मध्ये आली की आईबाबांना त्यांचे फोटो नीट टाकता येत नाहीत.