डोकावण्याची खोड

विसरणं हे माणसाचं काम, यंत्राचं नव्हे, असं मी मेकनेसच्या आमच्या गल्लीत छातीठोकपणे सांगत फिरले होते. आता ते आठवलं की कान गरम होतात.

गल्लीतल्या सगळ्या घरांची ताटं भाजायला बा अल्लालच्या भट्टीत जातात. कुठलं ताट कुणाचं, हे चाळीस वर्षं त्याच्या डोक्यात. हल्ली तो नावांना अडखळायचा, म्हणून मी, व्हिडिओ बघून शिकलेली प्रोग्रामर, त्याला एक प्रोग्राम लिहून दिला. सकाळी बा क्रमाने नावं सांगणार, ताट बाहेर आलं की पडद्यावर मालकिणीचं नाव!

ईदच्या आदल्या दिवशी एक नाव दोनदा उमटलं. किरकोळ चूक. भट्टी चालू असतानाच मी डीबगर, म्हणजे चुका शोधायचं साधन, लावून बसले. प्रत्येक ताटाला प्रोग्राम थांबवायचा, 'पुढचं नाव' बघायचं, पुढे सोडायचा.

बाने बदामाच्या करंज्या बाहेर ओढल्या. म्हणाला, "ह्या लल्ला झहूरच्या. इतकी नाजूक कड दुसरी कोण घालते?"

पडद्यावर माझं नाव होतं.

"बा, यंत्र विसरत नाही."

ताट माझ्या घरी गेलं. तासाभरात अकरा बायका चुकीच्या ताटांची तक्रार घेऊन भट्टीच्या दारात, आणि म्हातारा आता थकला, हे त्याला ऐकू जाईल इतक्या हळू बोलणं.

बाने एप्रन सोडला. "नावं मीच चुकीची सांगितली असणार, लेकी. उद्यापासून भट्टी बंद."

तेवढ्यात मला दिसलं. गेटर म्हणजे प्रोग्राममधला नाव सांगणारा तुकडा; त्याचं काम विचारलं की नाव सांगणं, बस्स. माझा गेटर नाव सांगता सांगता ते यादीतून काढूनही टाकत होता. डीबगरमधून मी 'पुढचं नाव' बघायचा अवकाश, दर वेळी एक नाव गायब. गप्प बसले असते, तर कुणाला कळलंही नसतं.

सगळ्यांसमोर सांगितलं.

बाने विचारलं, "म्हणजे तू सारखी आत डोकावत होतीस?"

"हो."

"परकर नेसायचीस तेव्हापासून सांगतोय, भट्टीचं दार सारखं उघडू नये."

त्याने एप्रन परत बांधला. बायकांनी ताटं परत आणली, तसा पडद्याकडे न बघता प्रत्येकीचं ताट तिच्या हातात दिलं. शेवटचं माझ्यापुढे सरकवलं. "हे वाकडं तुझं."

लल्ला झहूरचं ताट आणायला घरी धावले, तर नवरा, द्रिस, रोजा सोडून बोटं चाटत बसला होता. ताट रिकामं.

"वीस वर्षांत पहिल्यांदा जमल्या तुला," तो म्हणाला.

माझ्या वाकड्या करंज्या मी लल्ला झहूरकडे पोचवल्या. गेटरही दुरुस्त केला. द्रिसला मात्र अजून काही सांगितलेलं नाही.