पडेगावचा वाकलेला जॅक

मोडलेली वस्तू दोन मार्गांनी नीट करता येते: दुरुस्त करून किंवा बदलून. तिसरा मार्ग म्हणजे ती तशीच चालवून घेणे. या मार्गाची शास्त्राने म्हणावी तशी दखल घेतलेली नाही. पडेगावात मात्र त्यावर मूलभूत स्वरूपाचे काम झाले असून त्याचे श्रेय नानासाहेबांना द्यावे लागेल.

नानासाहेब शेतकरी. (त्यांच्या बहुतेक शेतात आता कॉलनी उगवली आहे.) कॉलनीला नळ आहेत, पाणी मात्र नानासाहेबांच्या विहिरीतून, त्यांच्या ट्रॅक्टरमागच्या टँकरने येते. या टँकरला मागे चाके आणि पुढे एक लोखंडी पाय असतो, त्याला जॅक म्हणतात. हँडल फिरवून तो खाली टेकवला की ट्रॅक्टर सोडवता येतो आणि टँकर आपला आपण उभा राहतो. निघताना जॅक वर घ्यायचा, एवढाच नियम.

नानासाहेबांचा मुलगा ऋतुराज इंजिनियर आहे. तो हा नियम विसरला. कॉलनीने अपघात टळावेत म्हणून नुकताच एक भक्कम गतिरोधक बांधला होता. ट्रॅक्टर त्यावरून गेला, जॅक गेला नाही. तो मागे दुमडला, आणि तेव्हापासून ट्रॅक्टर सोडवला तर टँकर तोंडावर पडणार अशी परिस्थिती निर्माण झाली.

"आता हे सुटायचं कसं?" द्वारकाबाईंनी नवऱ्याला, म्हणजे नानासाहेबांना, विचारले.

"सोडवायचं कशाला? ऱ्हाऊ द्या जोडलेलं. चाललंय की."

वेल्डर म्हणाला, हा सरळ होत नाय, नवा टाका. दुकानदाराकडे त्या मापाचा नव्हता, म्हणून तो म्हणाला, नवा कशाला, लई मजबूत माल आहे, सरळ करून घ्या. तज्ज्ञांत मतभेद असताना घाई करणारा माणूस नानासाहेब नव्हेत. त्यांनी कॉलनीतले निवृत्त अधिकारी अनंतराव यांचा सल्ला घेतला.

"दुरुस्ती की बदली, हा धोरणात्मक प्रश्न आहे," अनंतराव म्हणाले. "आधी कारणमीमांसा झाली पाहिजे."

त्यानुसार जागेची पाहणी झाली. गतिरोधक निर्दोष ठरला. चहा झाला.

दरम्यान ट्रॅक्टर जाईल तिथे टँकर जाऊ लागला: गिरणीत, बँकेत, एका दशक्रियेलाही. आणि ज्या दिवशी ऋतुराजसाठी कन्नडला मुलगी बघायला जायचे होते त्या दिवशी ठरवलेली जीप आलीच नाही, तेव्हा तिघे ट्रॅक्टरवरच बसून निघाले. टँकर सकाळीच कॉलनीसाठी भरला होता. ओतून द्यायचा तर पाण्याचा अपमान, म्हणून तोही भरलेलाच निघाला. घाटात मागे गाड्यांची मोठी रांग लागली. (नानासाहेबांना ती वरात वाटली.)

मुलीचे वडील सर्जेराव यांच्या गल्लीत कित्येक दिवस नळ कोरडे होते. पाहुण्यांच्या हातपाय धुण्याचे पाणी त्यांनी सकाळपासून घरोघर फिरून गोळा केले होते. एवढ्यात भरलेला टँकर दारात उभा राहिला.

"पाहुणे, पाणी पण सोबतच आणलं?" सर्जेरावांनी हात जोडले.

"आपल्यामुळं कुणाला तरास नको," नानासाहेब म्हणाले. (हे खोटे नव्हते. खरेही नव्हते.)

बायका हंडे घेऊन धावल्या. पोहे संपेपर्यंत हे स्थळ सोडू नये असे गल्लीचे एकमत झाले होते. मुलगी सायली, तिला मात्र अजून कुणी विचारले नव्हते. दोघांना बोलायला गच्चीवर पाठवले, तेव्हा तिने खाली बघत विचारले, "टँकर कशाला आणला?"

खाली त्याचेच कौतुक चालले होते. ऋतुराजला काहीही सांगता आले असते.

"जॅक वाकलाय. ट्रॅक्टर सुटतच नाही. माझ्याच हातून झालं."

"मग बदलला का नाही?"

"चर्चा चालू आहे."

सायली हसली नाही. "तुम्ही खरं बोललात, ते मला आवडलं. चर्चा संपली की कळवा. मग मी हो म्हणते."

दोन्ही घरांवर संकट कोसळले. सर्जेरावांनी नानासाहेबांना फोन केला, "पोरीचं मनावर घेऊ नका. लग्नाला टँकर जोडूनच या." नानासाहेबांना हा विचार पटला. मुलीची अट तत्त्वतः मान्य करून अंमलबजावणी लग्नानंतर करावी, असा मध्यम मार्ग अनंतरावांनी सुचवला. ऋतुराज हे सगळे ऐकत राहिला. त्याला गच्चीवरचा तो प्रश्न झोपू देईना.

एके सकाळी वडील आंघोळीला गेलेले पाहून त्याने रिकाम्या टँकरच्या तोंडाखाली लाकडी ठोकळे लावले, बोल्ट खोलले आणि जालना रोडवरच्या दुकानातून आणलेला नवा जॅक बसवला. नानासाहेबांचा चहा निवायच्या आत काम झाले. सायलीला फोटो गेला. उत्तर आले, "हो."

नानासाहेब ओल्या केसांनी बाहेर आले. ट्रॅक्टर एकीकडे, टँकर एकीकडे. ते मधल्या मोकळ्या जागेत जाऊन उभे राहिले.

"इचारायचं तरी व्हतंस," ते म्हणाले. मग वाकून त्यांनी हँडल फिरवले. वर, खाली, पुन्हा वर. "बरा फिरतोय," ते हळूच म्हणाले.

लग्न झाले. टँकर न आल्यामुळे सर्जेरावांच्या गल्लीने आहेर हात आखडून केला. सायली पडेगावात आली, तेव्हा घरातला पंखा काठीने ढकलल्यावर फिरत होता आणि मोरीचा नळ चिंधीने बांधलेला होता. "चाललंय की, पोरी," द्वारकाबाईंनी समजावले. सायलीने पाना मागितला. या मुलीचे पुढे कसे होणार, याची कॉलनीत आता काळजी वाहिली जाते.

वाचकांना या मंडळींचे हसू आले असल्यास आमची हरकत नाही. फक्त हसताना समोरचे टेबल डुगडुगले असेल, तर वाकून बघावे. पायाखालची कागदाची घडी झिजत आली असल्यास हे पान खुशाल फाडून घ्यावे. जाडी बरोबर बसते.