वायपरवरचा राजा

स्पर्धेमुळे माणूस उत्कृष्टतेकडे झेपावतो, असं माझं ठाम मत होतं. (आमच्या विमा ऑफिसात नव्या एजंटांना हे मीच शिकवतो. त्यातले निम्मे पुढच्या महिन्यात रिअल इस्टेटकडे झेपावतात, ते सोडा.) त्यामुळे सरस्वतीपुरममधल्या आमच्या रहिवासी संघानं दसऱ्याला बाहुल्यांच्या आराशीची स्पर्धा जाहीर केली, तेव्हा मी बायकोला न विचारताच नाव देऊन टाकलं. समोरच्या शामसुंदरनं दिलंय म्हटल्यावर विचारायचं काय?

"सुम्मने, उगाच कशाला हे?" कृष्णवेणी म्हणाली. "बाहुल्या मांडायच्या त्या पोरींसाठी. त्यांचे कसले नंबर काढता?"

आमच्या म्हैसूरच्या मराठी घरांतही नवरात्रात पायऱ्या लावून बाहुल्या मांडतात. सगळ्यात वर पट्टद गोंबे, म्हणजे लग्नात माहेराहून आलेली लाकडी राजाराणीची जोडी. कृष्णवेणीची जोडी तिच्या आईची. राजाची अर्धी मिशी उडालेली, राणीचं नाक झिजलेलं, पण नवरात्रात ती बसलीच पाहिजे. पेटीत ठेवायची नाही. संध्याकाळी गल्लीतल्या पोरी दारात येऊन "गोंबे कूरसिद्दीरा?" म्हणून विचारतात, म्हणजे बाहुल्या बसवल्यात का. मग कृष्णवेणी त्यांच्या हातावर उसळ ठेवते. झाला कार्यक्रम. यात उत्कृष्टता कुठे आहे, तुम्हीच सांगा.

ती मी मेटगळ्ळीहून आणली. तिथल्या एका वर्कशॉपवाल्याला गाठून मी पत्र्याचे राजाराणी करून घेतले, आणि राजाच्या मानेखाली गाडीच्या वायपरची मोटर बसवली. बटण दाबलं की महाराज डावीकडे बघायचे, उजवीकडे बघायचे, जणू दसऱ्याची मिरवणूकच पाहताहेत. मला तर भरून आलं.

"आणि माझी जोडी?" कृष्णवेणीनं विचारलं.

"तिला यंदा विश्रांती. अगं, जजेस काय म्हणतील? अर्धी मिशी?"

ती काही बोलली नाही. (इतक्या वर्षांच्या संसारानंतर तिच्या न बोलण्याचा अर्थ मला कळायला हवा होता. पण मी स्पर्धेत होतो.) शिवाय पोरींनी हात लावू नये म्हणून मी दाराला पाटी लावली, 'परीक्षण होईपर्यंत प्रवेश बंद'. पोरी पाटी वाचून परत जायच्या, आणि रोजची उसळ आम्ही दोघं खायचो.

त्याआधी, नवरात्र बसलं त्या पहिल्या सकाळीच तिनं माझ्या हातात एक कापडी पिशवी दिली.

"कमलाक्षीला देऊन या. जपून न्या, हलवू नका."

कमलाक्षी म्हणजे शामसुंदरची बायको. उसळच असणार, असं मी धरून चाललो आणि खुशीत निघालो. शत्रूची आरास बघायची आयती संधी. कमलाक्षीनं पिशवी दोन्ही हातांनी घेतली आणि डोळ्यांना लावली. उसळीबद्दल केवढा हा आदर, मला कौतुक वाटलं. त्यांच्याही दाराला पाटी होतीच. वरची पायरी अजून रिकामी होती, ते बघून मी शीळ घालत परत आलो.

अष्टमीला परीक्षक आल्या. तुळसीबाई, निवृत्त ड्रॉइंग टीचर. मी बटण दाबलं.

"छान. हे सगळं घरी केलंत?"

"हो, हो, घरीच," मी म्हणालो. महाराजांनी मान हलवली. आडवी.

तुळसीबाईंनी चष्मा वर केला. "बाहेरून काही करून आणलं नाही ना?"

"अजिबात नाही."

महाराजांनी पुन्हा तीच मान हलवली. या वेळी ते माझ्या बाजूनं होते, पण बाई आता माझ्याकडे बघतच नव्हत्या, फक्त राजाकडे बघत होत्या.

"आणि यामागे भक्तिभाव?"

मी बटण बंद करायला धावलो. बटण अडकलं होतं. महाराज नाही नाही म्हणत राहिले. कृष्णवेणी पदर तोंडाला लावून आत गेली.

दुसऱ्या दिवशी संघाच्या हॉलमध्ये निकाल लागला. पहिला क्रमांक शामसुंदर. "वरच्या पायरीवरची ती जुनी जोडी," तुळसीबाई म्हणाल्या, "तिच्यापुढे बाकी सगळं फिकं." पडद्यावर फोटो आला. ती अर्धी मिशी मी लगेच ओळखली.

"अगं, ही आपली…"

"मग पेटीत ठेवायची होती? कमलाक्षीकडे जोडी नव्हती, माझ्याकडे पायरी नव्हती."

"पण तू त्यांना दिलीस?"

"मी कुठे? तुम्हीच नेऊन दिलीत. फार जपून आणली, कमलाक्षी सांगत होती."

आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला. (स्पर्धेत घरं दोनच होती, हे मी ऑफिसात सांगितलेलं नाही.) पत्र्याचे महाराज राणीसकट मेटगळ्ळीला परत गेले. लाकडी जोडी मात्र एकदा बसवली की विजयादशमीपर्यंत हलवत नाहीत, म्हणून आमची वरची पायरी रिकामीच. त्या संध्याकाळी कृष्णवेणीनं पाटी काढून टाकली, आणि उसळीचं पातेलं मांडीवर देऊन मला पायऱ्यांशेजारी स्टुलावर बसवलं. पराभवाच्या दुःखात मी जागचा हललोही नाही.

पोरींचा घोळका आत आला. त्यातली पावनी, सगळ्यात धाकटी, माझ्यासमोर उभी राहून बराच वेळ निरखत राहिली.

"अज्जी," तिनं कृष्णवेणीला विचारलं, "ही गोंबे हलते का?"

"हलते," कृष्णवेणी म्हणाली. "नको तेव्हा."